अकरा एक्के

"दार लोटून घे. आणि बोलू नकोस, आकडा चुकतो."

लग्न होऊन मला त्या घरात अठरा दिवस झाले होते. दुपारची जेवणं उरकली होती, अण्णा, म्हणजे माझे सासरे, खाली दुकानात जाऊन बसले होते. मी शेवयांचा डबा शोधायला वरच्या खोलीत आले होते. आमचं भांड्यांचं दुकान बार्शीच्या बाजारपेठेत, आणि त्याच्यावरच घर. वरच्या त्या खोलीत न खपलेली तांब्याची घंगाळं, पितळी हंडे, परातींच्या चळती असत. त्या सगळ्या पसाऱ्यात, खिडकीखाली चौरंग घेऊन माझ्या सासूबाई वहीत काहीतरी लिहीत बसल्या होत्या. खालून भांड्यांवर नावं घालणाऱ्याची ठकठक ऐकू येत होती.

मी दार लोटलं आणि तशीच उभी राहिले. त्यांचं लिहून झालं, तशी त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली.

"शेवया त्या कोपऱ्यात, पत्र्याच्या डब्यात," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या, "कुंदा, तू गणितात एम.एस्सी. ना?"

"हो, माई."

"मग मूळ संख्या म्हणजे काय ते तुला सांगायला नको."

मला वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. माझं माहेर गडहिंग्लजचं. लग्न ठरलं तेव्हा माझ्या शिक्षणाबद्दल ह्या घरात कुणी एक शब्द विचारला नव्हता. पुस्तकांची पेटी मी पलंगाखाली सरकवून दिली होती आणि ती पुन्हा उघडायची नाही, असं मनाशी जवळजवळ ठरवलंही होतं. आणि इथे माझी सासू, कपाळाला विभूती लावलेली, पदरानं चष्मा पुसत मला मूळ संख्या विचारत होती.

"जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणाचाच भाग जात नाही, ती," मी परीक्षेत सांगावं तसं सांगितलं.

"बस इथे."

वहीच्या पानावर वरती एक संख्या होती. एकापुढे एक, असे अकरा एक. अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा. माई तिला 'अकरा एक्के' म्हणत.

सोलापूरला मुलींच्या शाळेत माई मॅट्रिकच्या वर्गात होत्या. रणभिसे बाई म्हणून गणिताच्या बाई होत्या. त्यांनी एकदा फळ्यावर अकरा लिहिले, एकशे अकरा लिहिले, अकराशे अकरा लिहिले, आणि मुलींना त्यांचे भाजक शोधायला लावले. अकरा ही मूळ. एकशे अकराला तीनाचा भाग जातो. पाच एक्क्यांना एक्केचाळीसचा, सात एक्क्यांना दोनशे एकोणचाळीसचा. माईंनी हात वर करून विचारलं, "बाई, अकरा एक्क्यांना कशाचा जातो?"

"तर बाई म्हणाल्या, मला माहीत नाही," माई सांगत होत्या. "मोठ्या माणसाच्या तोंडून 'मला माहीत नाही' हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं बघ. म्हणाल्या, महानंदा, तू शोध आणि मला सांग. त्याच वर्षी माघात माझं लग्न झालं. परीक्षा राहिली."

हे सन अडतीसचं. नंतर चार मुलं, दुकान, सासूचं आजारपण. धाकटा विश्वनाथ, म्हणजे माझा नवरा, हायस्कुलात गेला, तेव्हा माईंना दुपारचा एक तास मोकळा मिळायला लागला. दुकानातल्या बांधणीच्या कागदांवर त्यांनी दोन वर्षं खपून एक लाख साडेपाच हजारांपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या चाळून काढल्या. त्याच्या पुढे जायचं कारण नव्हतं. तिथवर भाजक सापडला नाही, तर पुढे सापडणार नाही, एवढं त्यांचं त्यांनीच शोधून काढलं होतं. आणि बासष्ट सालच्या संक्रांतीपासून त्या भागाकार करत होत्या. रोज दोन. एका पानावर दोन, म्हणजे एका दिवसाला एक पान.

"तिसरा केला की लक्ष फाटतं," त्या म्हणाल्या.

ट्रंकेत पंचेचाळीस वह्या होत्या. शेहेचाळिसावी चौरंगावर. साडेबारा वर्षांत नऊ हजारांवर भागाकार झाले होते, हजारेक उरले होते. प्रत्येकाखाली बाकी लिहून तिला चौकट केलेली. एकही चौकट शून्याची नव्हती.

"घरात कुणाला ठाऊक आहे?"

"मी वर बसते हे ठाऊक आहे. जपाचं काही लिहिते असं त्यांना वाटतं." त्या जराशा हसल्या. "मी तसं कधी म्हटलं नाही हं. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

त्या दिवसापासून मी रोज दुपारी वर जाऊ लागले. त्या भागाकार करायच्या, मी शेजारी बसून पडताळायची. बोलणं फारसं नसायचं. पण एवढं सांगते, त्या घरात मी रुजले ती त्या खोलीत. तांब्यापितळेचा तो वास, खालची ठकठक, आणि माईंचं पुटपुटणं, 'नऊ साते त्रेसष्ट, हातचे सहा...' आजही कुणी पाढे म्हणताना ऐकलं की मी क्षणभर थबकते.

दोनेक महिने असे गेले. मग एका सकाळी भांडी विसळता विसळता मला कॉलेजातलं एक प्रमेय आठवलं. हातातली परात तशीच राहिली. अकरा एक्क्यांना ज्या मूळ संख्येचा भाग जाईल, तिच्यातून एक वजा केला तर उरलेल्या संख्येला बावीसने पुरता भाग गेलाच पाहिजे. न गेला, तर ती संख्या भाजक असूच शकत नाही. भागाकार करून बघायचीही गरज नाही. म्हणजे राहिलेल्या हजारांतले जेमतेम शंभर करायचे.

मी आनंदानं जिन्याकडे धावलेच होते. तिसऱ्या पायरीवर थांबले. राहिलेल्या हजारांतले नऊशे फुकट, तर झालेल्या नऊ हजारांतले? आठ हजारांहून जास्त. अकरा वर्षांच्या दुपारी.

मी सांगितलं नाही.

पण नियम डोक्यातून जाईना. सोमवारी माई मठात जायच्या. त्या सोमवारी मी ट्रंक उघडली आणि नुसतेच नियमात बसणारे भागाकार चाळू लागले. आपण निदान त्यांचं काम दुसऱ्यांदा तपासून ठेवू, तेवढीच मदत, अशी मी मनाची समजूत घातली होती. तेराव्या वहीत, पासष्ट सालच्या मे महिन्यातल्या एका पानावर माझा डोळा अडखळला. भाजक एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. बाकी दहा हजार.

बरोबर दहा हजार. इतकी गोल बाकी मी इतर कुठेच पाहिली नव्हती. मी एकेक पायरी बघत वर गेले. एका वजाबाकीत हातचा राहिला होता. सातातून तीन जायला हवे होते, दोनच गेले होते. उत्तर चौऱ्याऐंशीशे त्रेचाळीस यायचं, तिथे पंच्याऐंशीशे त्रेचाळीस लिहिलं होतं. तो एक आकडा दुरुस्त करून मी खाली येत गेले. शेवटच्या पायरीला वर एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एक्केचाळीस, आणि खालीही तेच.

बाकी शून्य.

अकरा एक्क्यांना भाग जात होता. माईंनी तो नऊ वर्षांपूर्वी हातात धरला होता, आणि एका हातच्यामुळे निसटला होता. त्यानंतर त्यांनी साडेसहा हजार भागाकार केले होते.

मी वही ठेवली, ट्रंक लावली, खाली येऊन भाकरी थापायला बसले. पहिली भाकरी करपली.

पुढचे आठ दिवस मी रोज दुपारी त्यांच्या शेजारी बसले. त्या भाग लावायच्या, बाकी चौकटीत लिहायच्या, मी मान डोलवायची. "तुझा चेहरा का उतरलाय गं? दिवस गेलेत का?" त्यांनी एकदा विचारलं. मी नाही म्हटलं. "मग माहेरची आठवण येते का?" मी हो म्हटलं. खोटंच.

नवव्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक पोस्टकार्ड ठेवलं.

"एवढं पेटीत टाकून ये. रणभिसे बाई अजून आहेत म्हणे. परवा मठात सोलापूरच्या एकजणी भेटल्या, त्यांनी पत्ता दिला. ऐंशीच्या पुढे गेल्यात. माझं पुरं व्हायला अजून दीड वर्ष आहे, तोवर त्या... म्हणून आधीच कळवून टाकलं."

मी जिन्यात कार्ड वाचलं. माईंचं अक्षर मोठं आणि सरळ होतं. 'आपण सन अडतीसमध्ये दिलेले उदाहरण करीत आहे. त्र्याण्णव हजारांपर्यंत तपासले. भाजक सापडला नाही. अकरा एक्के ही मूळ संख्या असावी असे दिसते. आपली विद्यार्थिनी, महानंदा.'

पोस्टाची पेटी आमच्या दुकानापासून वीस पावलांवर. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. कार्ड फटीत घातलंही, पण सोडवेना. माईंचा तो बाईंना दिलेला जबाब होता, छत्तीस वर्षांनी दिलेला, आणि तो चूक होता. तो चूक आहे हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

मी परत आले. वर गेले. माई वही आवरत होत्या.

"टाकलंस?"

"नाही." मी कार्ड चौरंगावर ठेवलं. "माई, तेरावी वही काढा."

त्यांनी ती ट्रंकेतून काढली. मी पान उघडून दिलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. त्या चष्मा सारखा करून बघत राहिल्या. ओठ हलत होते. मग ओठ हलायचे थांबले.

"पाटी दे," त्या म्हणाल्या.

त्यांनी भागाकार पुन्हा केला नाही. त्यांनी गुणाकार मांडला. वर त्या पानावर आलेलं भागाकाराचं उत्तर, पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस, खाली एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. पाच ओळी सावकाश मांडल्या, खाली रेघ ओढली आणि उजवीकडून बेरीज करायला घेतली. एक. पाच आणि सहा अकरा. एक, हातचा एक. एक, पाच, चार, दहा, आणि हातचा एक, अकरा, एक. चौथ्या रकान्यात नऊ, नऊ, तीन, नऊ, तीस, आणि हातचा एक, एकतीस. एक, हातचे तीन. प्रत्येक रकान्याखाली त्या एकच आकडा लिहीत होत्या. सहाव्या-सातव्या एक्क्याला त्या पाटीवर इतक्या वाकल्या की ती सरकू लागली. मी पाटी धरून ठेवली. अकरावा लिहून झाला, तेव्हा त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"सापडला," त्या म्हणाल्या. मग मोठ्यानं, "अगं, सापडला की!" आणि त्या हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मला रडू फुटलं. मी काय काय भीती घेऊन बसले होते!

त्यांनी पानावरची तारीख पाहिली. "त्या दिवशी थोरल्या शशीला बघायला पाहुणे आले होते. पोहे पाठवले आणि वर आले. त्या गडबडीत खाल्ला बघ हातचा." आणि मग, डोळे पुसता पुसता, "तुला कधी दिसलं हे?"

खोटं बोलायचं मनात आलं. पण पुन्हा नाही बोलवलं. "मागच्या सोमवारी."

त्यांचं हसू तिथेच थांबलं.

"म्हणजे नऊ दिवस झाले?"

"हो."

"नऊ दिवस मी तुझ्यासमोर भागाकार करत होते. अठरा केले. आणि तू मान डोलवत होतीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, माई. इतकी वर्षं..."

"मला काय वाटेल ते तू ठरवणार?" त्यांचा आवाज चढला नाही, पण मी मागे सरले. "ह्या घरात आजवर हेच चाललंय. माझी आई गेली, तर चार दिवस मला सांगितलं नाही. बाळंतीण आहे, वाईट वाटेल. माझा भाऊ नापास झाला, घर सोडून गेला, मला वर्षानं कळलं. वाईट वाटेल! ह्या वहीत तेवढं कुणी माझी कीव करत नव्हतं. चूक ती चूक, बरोबर ते बरोबर. तू शिकलेली पोर. तुला मी जवळ बसवलं ते कशाला?"

त्यांनी वही मिटली, पोस्टकार्डाचे दोन तुकडे केले आणि खाली निघून गेल्या.

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. वाढताना 'भाजी घे' एवढंसुद्धा नाही. विश्वनाथनं विचारलं, "काय बिनसलंय तुमचं?" मी म्हटलं, "गणित चुकलं." त्याला ती थट्टा वाटली.

तिसऱ्या दुपारी मी माजघरात निवडत बसले होते. माई येऊन समोर उभ्या राहिल्या.

"हजारो पानांतून नेमकं तेच पान तुला कसं गं दिसलं? तू सगळे तर तपासले नसशील. काहीतरी युक्ती आहे. बोल."

मी सूप बाजूला ठेवलं. "आहे. पण ती ऐकून..." आणि थांबले. मग सरळ सांगून टाकलं. बावीसचा नियम, आणि दहातले नऊ भागाकार करायची गरज नव्हती, हेही.

त्या खाली बसल्या.

"नियम आधी कळला असता, तर माझी ती चूक टळली असती का?"

"नाही. ती संख्या नियमात बसते. तो भागाकार करावाच लागला असता."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या. "आता मला तो नियम शिकव. नुसता सांगू नकोस. का, ते शिकव."

आठ दुपारी लागल्या. मी पलंगाखालची पेटी ओढून काढली, पण पुस्तकातली भाषा त्यांच्या कामाची नव्हती. मग आम्ही दोघींनी बाक्या मांडल्या. दहाला दहानं गुणत जायचं आणि दर वेळी भागून बाकी बघायची. एक्केचाळीसनं भागलं की पाचव्या पावलाला बाकी फिरून एकवर येते. आठव्या दुपारी माई मांडत मांडत मध्येच थांबल्या.

"म्हणजे बाक्या गोल फिरतात," त्या हळूच म्हणाल्या. "आपल्या संख्येसाठी अकराव्या पावलाला घरी येतात. शून्य सोडून जेवढी घरं आहेत, त्यांचे अकरा-अकराचे गोल पडायला हवेत, एकही घर बाहेर राहता कामा नये. म्हणून एक वजा. आणि एक वजा केल्यावर संख्या सम, म्हणून अकराचे बावीस."

माझ्या वर्गात आम्ही चौदाजण होतो. हे असं कुणाला दिसलं नव्हतं, मलाही नाही. आम्ही पाठ केलं होतं.

त्याच संध्याकाळी जेवताना माईंनी अण्णांना सांगितलं, "गावात नव्या कॉलेजला गणिताचं माणूस मिळेना म्हणतात. कुंदा जाईल." अण्णा घास हातात धरून म्हणाले, "अगं, पण तिला घरात..." माई म्हणाल्या, "ती चांगलं शिकवते. मी स्वतः शिकून पाहिलंय." अण्णांना त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी घास तोंडात घातला. पुढची तेहतीस वर्षं मी शिकवलं.

बाईंना दुसरं कार्ड गेलं. त्यावर फक्त गुणाकार होता. दहा दिवसांनी थरथरत्या अक्षरात उत्तर आलं. 'गुणून पाहिले. बरोबर आहे. उत्तर यायला छत्तीस वर्षे लागली, त्याचे गुण कापत नाही. पूर्ण गुण.' हा भाजक जगात फार आधीच कुणीतरी शोधून छापला होता, हे मला पुढे कळलं. मी त्याच दिवशी माईंना सांगितलं. "असेल," त्या म्हणाल्या. "त्यांना कुणी पोहे करायला सांगितले नसतील."

मग त्यांनी तेरा एक्के घेतले. नव्या नियमानं पहिलीच तपासायची संख्या त्रेपन्न निघाली, आणि पहिल्याच भागाकारात बाकी शून्य आली. माई नाराज झाल्या. "हिच्यात काही दम नाही," म्हणाल्या, आणि सतरा एक्क्यांना हात घातला.

ते काम दहा वर्षं चाललं. मध्ये अण्णा गेले, माईंच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली, रोजच्या दोनाचा एक भागाकार झाला. आता त्या उघड खालच्या खोलीत बसायच्या. माझी मुलं आजूबाजूला खेळायची. त्या चार लाखांच्या आसपास पोचल्या होत्या, तेव्हा मी प्राध्यापकांच्या एका वर्गासाठी महिनाभर पुण्याला गेले. तिथल्या ग्रंथालयात एका जुन्या पुस्तकात अशा संख्यांच्या भाजकांचा तक्ता होता. सतरा एक्क्यांसमोरचा आकडा वाचला आणि पुस्तक मिटलं.

घरी आले ती पिशवी खाली न ठेवताच त्यांच्यासमोर बसले.

"माई, सतरा एक्क्यांना भाग जातो. कशाचा, ते मला कळलंय."

त्यांनी झटकन हात वर केला. "सांगू नकोस!"

"नाही सांगत. पण मला ठाऊक आहे, हे तुम्हाला ठाऊक असावं."

त्यांनी चष्मा काढला. जाड भिंगांशिवाय त्यांचे डोळे फार लहान दिसत. थोडा वेळ त्या पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या.

"एवढंच सांग," त्या म्हणाल्या. "मी पोचेन का तिथवर?"

मी गाडीत सगळा हिशेब केला होता. "ह्या चालीनं अजून चाळीस वर्षं लागतील."

"म्हणजे मी एकशे दोन वर्षांची."

"हो, माई. नाही पोचणार."

त्यांनी मान हलवली. माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर तसाच राहू दिला. मग चष्मा डोळ्यांवर चढवला आणि वही पुढे ओढली.

"पिशवी ठेव, हातपाय धुऊन ये," त्या म्हणाल्या. "आजचा राहिलाय."